गाडीचे दिवे आणि समोरचे डोळे

घरच्या घरी गाडीचे बल्ब बदलणे अवघड नाही. माझ्या जुन्या गाडीतला छताचा दिवा आणि नंबरप्लेटचे 5 वॉटचे बल्ब काढून मी नाशिकला घरासमोरच एलईडी बसवले. एखादा लागला नाही तर उलटा करून लावायचा. बहुतेक एलईडींना प्लस-मायनसची बाजू असते, साध्या बल्बला नसते.

भाचा म्हणाला, "मामू, हेडलाइटही बदलून टाका ना!" मी नको म्हणालो. कंपनीतूनच एलईडी लावून आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. आमच्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बारीक तारेचा हिशेब धरून घडवलेला आहे. तिथे एलईडी बसवला की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पावसाळ्यात कसारा घाटात तोच उजेड धुक्यावर आपटून आपल्याकडे परततो.

अब्बांना मोतीबिंदू आहे. इशाच्या नमाजहून येताना असा झोत समोर आला की ते भिंतीला हात लावून उभे राहतात, गाडी जाईपर्यंत. म्हणून आमच्या गाडीत 60/55 वॉटचा हॅलोजनच आहे. काचा पुसल्या, झोताची उंची गॅरेजमध्ये तपासून घेतली. तेवढ्या उजेडात रस्ता नीट दिसतो.