एकोणीस एक

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या सास्तूर भागातली दगडमातीची घरं गेली, शाळाही गेली. मग पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. पाऊस आला की सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. पुस्तकं पुरेशी नव्हती, पण गणिताच्या सरांचं त्यावाचून अडलं नाही. ते फळ्यावर नुसते एक लिहायचे.

११ ही मूळ संख्या. १११? "तीननं जातंय सर!" बरोबर, ३ × ३७. मग सहा एक. सर म्हणाले, "भागायची घाई नको. आधी एक किती ते मोजा." सहांचे दोन-दोनचे गट पडतात, म्हणून ११ नं भाग जातो, तीन-तीनचे पडतात, म्हणून १११ नंही जातो. म्हणजे एकांची मोजणी मूळ असेल तरच आशा. तीही नुसती आशाच, कारण पाच एक म्हणजे ४१ × २७१ आणि सात एक म्हणजे २३९ × ४६४९. हे सातांचं कोडं सोडवताना आमच्या पाट्या झिजल्या.

मग एके दिवशी त्यांनी १११११११११११११११११११ लिहिलं. एकोणीस एक. "ही फुटत नाही." ऑस्कर हॉपे यांनी ते सिद्ध केलं होतं. १ ला या संख्येनं भागलं, तर दशांशचिन्हापुढे अठरा शून्यं आणि एक नऊ, पुन्हा अठरा शून्यं आणि नऊ, असं अखंड चालतं. बरोबर एकोणीस अंकांचं आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. मला आजही याहून देखणा भागाकार माहीत नाही.

गणिती द. रा. कापरेकरांचं नाव मी सरांकडूनच ऐकलं. १२३४३२१, म्हणजे ११११ चा वर्ग. अशा संख्यांना कापरेकरांनी डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून 'डेम्लो' म्हटलं. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. १९७५ मध्ये अमेरिकी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यावर जगाचं लक्ष गेलं. सर एवढंच म्हणायचे, "मास्तरच होते की!" त्यात थोडी स्वतःची बाजूही असावी.

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो. सरांची मनीऑर्डर यायची. कुपनावर खुशाली नसायची, फोडायला एक संख्या असायची. पैसे परत करायला गेलो, तर त्यांनी आधी उत्तरं मागितली.

एकोणीसनंतर तेवीस एक, मग ३१७, मग १,०३१. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचं २०२२ मध्ये सिद्ध झालं. अशा संख्या अनंत आहेत का, हे मात्र अजून कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. पत्र्याच्या शेडमधल्या पोरांना सरांनी तेही सांगून टाकलं होतं. मनीऑर्डरींपेक्षा या सांगण्याचं देणं मी मोठं मानतो.