पक्ष्यांचा प्रवास आणि आपला ताळमेळ

राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. दर हिवाळ्यात मंगोलिया व मध्य आशियाकडून हजारो कुरजा पक्षी तेथे उतरतात. जैन कुटुंबांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या चुग्गाघरात त्यांना नित्य धान्य घातले जाते. आमच्या स्वाध्याय मंडळात या जीवदयेचा विषय निघाला, तेव्हा माझा नातू पृथ्वीच्या गोलावर त्यांचा मार्ग दाखवू लागला. एका ज्येष्ठ श्रावकांनी त्याला थांबवले. "बाळ, जंबूद्वीप थाळीसारखे सपाट आहे. शास्त्राला खोटे ठरवायचे आहे का?" नातू गप्प बसला. घरी आल्यावर मात्र त्याने विचारले, "आजोबा, मग मी शाळेचे खरे मानू की मंदिरातले?"

बँकेत आयुष्यभर ताळमेळ जुळवल्यामुळे मी त्याला वही आणायला सांगितली.

दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया येथील राखाडी डोक्याच्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पायांना शास्त्रज्ञांनी छोटी यंत्रे बांधली होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, सर्वांत वेगवान पक्ष्याने पृथ्वीप्रदक्षिणा अवघ्या 46 दिवसांत पूर्ण केली. 50 अंश दक्षिण अक्षांशाचे वर्तुळ गोलावर सुमारे 25,700 कि.मी. भरते, म्हणजे रोजचे सुमारे 560 कि.मी. सपाट पृथ्वीच्या प्रचलित नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिका कडेला असते. तेथे तेच वर्तुळ सुमारे 97,500 कि.मी. होते, रोजचे सुमारे 2,120 कि.मी.! मासे टिपण्यासाठी समुद्रावर उतरणाऱ्या पक्ष्याला मग 46 दिवस अहोरात्र ताशी 88 कि.मी. वेग राखावा लागेल. रक्कम गोलावरच जुळते.

अनेकांताचा आधार घेऊन 'दोन्ही खरे' म्हणणे सोपे होते. परंतु अनेकांत म्हणजे प्रत्येक विधानाला दिलेली मोकळीक नव्हे. कोणत्या अपेक्षेने काय खरे, हे नेमके सांगण्याची ती शिस्त आहे. बारा भावनांमध्ये लोकभावना आहे. या अफाट लोकात जीव किती भटकला, हे उमजून वैराग्य जागावे, यासाठी ते चिंतन. समुद्रावरील अंतरे मोजणे हे त्याचे प्रयोजन नाही, असे मला वाटते. नातवालाही मी हेच सांगितले.

व्यापारी घरातील मुलांना हिशेब लवकर कळतो. न जुळणारी रक्कम श्रद्धेच्या खाती टाकून आपण वही मिटली, तर ती वाद घालणार नाहीत. एक दिवस मुकाट्याने मंदिरात येणे थांबवतील. रत्नत्रयात सम्यक् दर्शनाशेजारी सम्यक् ज्ञानाचेही स्थान आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्या स्थानावर बसू देणे, हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.