अभिनंदनामागचं मागणं

वसई, ऑक्टोबर 2025

प्रिय शुभा,

पत्र मिळालं. सप्टेंबरपासून शिकागोत स्थलांतरितांची जी धरपकड चालली आहे, तिची बातमी इथेही वाचतो आम्ही, पण तुझ्या शेजारणीने मुलांना शाळेत सोडायलासुद्धा बाहेर पडणं बंद केलं, हे वाचून जीव कासावीस झाला. आणि मग तू विचारलंस, ‘तुमचे नवे पोप तर आमच्या शिकागोचे. मे महिन्यात व्हाइट हाउसपासून सगळे केवढे खूश होते. आता काय बिनसलं?’

शुभा, माझ्या मते काहीच बिनसलेलं नाही. मे महिन्यातली अभिनंदनं नीट वाचलीस तर तुझं उत्तर त्यातच आहे.

8 मेच्या रात्री आमच्या घरी कोणी जेवायला उठायला तयार नव्हतं. साडेनऊ वाजून गेल्यावर सिस्टिन चॅपलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि पुढचा तासभर सगळे टीव्हीसमोर. आत 133 कार्डिनल, त्यात आपल्या गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस मात्र मतदानात नव्हते. ऐंशी पार केलेल्यांना मत नसतं. चौथ्या फेरीत रॉबर्ट प्रीवोस्ट, म्हणजे आताचे पोप लिओ, निवडून आले आणि सज्जात उभे राहून पहिलं काय बोलले, तर ‘तुम्हा सर्वांना शांती लाभो.’ बोलले इटालियनमध्ये. मध्येच स्पॅनिशकडे वळून पेरूतल्या आपल्या जुन्या चिक्लायो धर्मप्रांताला नमस्कार केला. इंग्रजीत एक वाक्य नाही. मला ते फार आवडलं. पहिले अमेरिकन पोप म्हणून जग त्यांच्याकडे बघत होतं आणि त्यांनी आठवण काढली ती जिथे ते बिशप होते तिथल्या गरीब माणसांची.

पण राजकारण्यांनी ऐकलं ते ज्याचं त्याचं. ट्रम्प यांच्या संदेशाचा भर एकाच गोष्टीवर होता, की पहिला अमेरिकन पोप हा आपल्या देशाचा मोठा सन्मान आहे. पेरूच्या राष्ट्राध्यक्ष दीना बोलुआर्ते यांनी तितक्याच अभिमानाने सांगितलं, की हे पोप स्वखुशीने पेरूचे झालेले आहेत. ते खरंच, 2015 मध्ये त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय. पण बोलुआर्ते तेव्हाच लोकांच्या मनातून पार उतरल्या होत्या आणि याच महिन्यात तिथल्या काँग्रेसने त्यांना पदावरून काढलं. पोपमुळे कुणाची खुर्ची वाचत नाही. झेलेन्स्कींना युक्रेनसाठी नैतिक आधार हवा होता. पुतिन यांनी ख्रिस्ती मूल्यांचा हवाला देत संवाद चालू राहील अशी आशा व्यक्त केली. तैवाननेही तत्परतेने शुभेच्छा दिल्या. त्याला राजनैतिक मान्यता देणारं युरोपात व्हॅटिकन हे एकच राज्य उरलंय, आणि तिकडे बिशपांच्या नेमणुकीबाबत व्हॅटिकनचा चीनशी 2018 पासून करार आहे. तेव्हा तैवानची धास्ती मी समजू शकते.

आपल्या पंतप्रधानांचा संदेशही चांगला होता. शांती, सलोखा, सेवा, सगळं होतं त्यात. पदग्रहणाच्या मिस्सेला राज्यसभेचे उपसभापती हरिवंश रोमला गेले. पण जुलैमध्ये दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन नन्सना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत आठवडाभर त्या तुरुंगात होत्या. आमच्या धर्मग्रामात तेव्हा प्रार्थना झाली. त्या संदेशातला ‘सलोखा’ मला दुर्गच्या फलाटावर दिसायला हवा होता. पोप फ्रान्सिस यांना 2021 मध्ये दिलेलं भारतभेटीचं आमंत्रण तसंच राहून गेलं, आणि भारतात शेवटचे पोप आले त्याला आता 26 वर्षं होत आली.

तुला गंमत वाटेल, पण मला सगळ्यात प्रामाणिक वाटले ते त्या दिवशी चिडलेले लोक. ट्रम्प यांच्या कट्टर समर्थकांपैकी लॉरा लूमर यांनी नव्या पोपना थेट मार्क्सवादी ठरवलं. स्टीव्ह बॅनन यांनीही तोंड वाकडं केलं. कारण त्यांनी प्रीवोस्ट यांच्या नावाचं एक्स खातं उघडून पाहिलं होतं. फेब्रुवारीत त्या खात्यावरून एक लेख पुढे पाठवला गेला होता. आधी आपली माणसं, मग परके, असा प्रेमाचा उतरता क्रम उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी सांगितला होता, तो चुकीचा आहे आणि येशू अशी प्रतवारी करायला सांगत नाही, असं सांगणारा तो लेख. त्यांचा राग मला पटत नाही, पण हा माणूस काय म्हणतो ते त्यांनी वाचलं तरी होतं.

तेच व्हान्स 18 मेच्या पदग्रहणाच्या मिस्सेला होते. दुसऱ्या दिवशी भेटीत त्यांनी ट्रम्प दांपत्याचं आमंत्रणपत्र दिलं, आणि सोबत तुमच्या शिकागो बेअर्स संघाची जर्सी, पाठीवर पोप लिओंचं नाव. पोपनी पत्र घेतलं, ‘कधीतरी’ म्हणाले आणि मेजावर ठेवून दिलं. त्या एका ‘कधीतरी’त केवढी ताकद आहे, शुभा! जर्सी प्रेमाने घ्यायची, पण संघात नाव घालू द्यायचं नाही.

ही मोकळीक चर्चला फुकट मिळालेली नाही. ज्यांचं नाव यांनी घेतलं ते तेरावे लिओ 1903 मध्ये वारले. कामगारांच्या हक्कांवरचं 1891 चं परिपत्रक त्यांचंच, आणि आपल्या मुंबईला महाधर्मप्रांताचा दर्जाही 1886 मध्ये त्यांच्याच काळात मिळाला. त्यांच्यामागून झालेल्या निवडणुकीत त्यांचे राज्यसचिव कार्डिनल राम्पोला पुढे होते. तेव्हा क्राकोचे कार्डिनल पुझिना उठले आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या वतीने राम्पोलांविरुद्ध नकाराधिकार वाचून दाखवला. ऐन मतदानात, सगळ्यांसमोर! निवडून आले ते दहावे पायस, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हा नकाराधिकार कायमचा मोडीत काढला. तेव्हापासून राजेरजवाडे, राष्ट्राध्यक्ष, कोणाच्याही हातात उरलं ते फक्त अभिनंदन.

म्हणून तर सगळे आपली मागणी अभिनंदनातच गुंडाळतात. अर्जेंटिनाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना किर्शनर यांचं बुएनोस आयरेसच्या आर्चबिशपशी कधी पटलं नव्हतं. समलिंगी विवाहाच्या कायद्यावरून तर उघड भांडण झालं होतं. पण तेच 2013 मध्ये पोप फ्रान्सिस झाल्यावर काही दिवसांतच त्या त्यांना भेटल्या आणि फॉकलंड बेटांच्या तंट्यात शब्द टाकायची विनंती केली. पुढे 12 वर्षांत अर्जेंटिनात किती सरकारं आली-गेली, फ्रान्सिस मायदेशी एकदाही गेले नाहीत. हे कठोर वाटतं, पण गेले असते तर ज्याच्या त्याच्या प्रचारात त्यांचा फोटो लागला असता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. 30 सप्टेंबरला पत्रकारांशी बोलताना पोप लिओ म्हणाले, की गर्भपाताला विरोध आहे पण अमेरिकेत स्थलांतरितांना मिळणारी अमानुष वागणूक मान्य आहे, असं म्हणणारा माणूस जीवनाच्या बाजूचा आहे की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी अशी अमानुष वागणूक दिलीच जात नाही म्हणून सांगितलं. यात बिनसण्यासारखं काय आहे? फेब्रुवारीत हे त्यांचं म्हणणं होतं, सप्टेंबरमध्येही तेच आहे. व्हाइट हाउसच्या अभिनंदनात त्याची दखलच नव्हती.

म्हणून ते ‘आमच्या शिकागोचे’ आहेत असं तू म्हणालीस तर मला आनंदच आहे, पण मग त्यांचं म्हणणंही शिकागोने आपलं मानायला हवं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे काँग्रेसच्या निवडणुका आहेत आणि तुला आता मताचा अधिकार आहे. मत देताना तुझ्या त्या शेजारणीचा विचार कर, आणि तोवर तिच्या मुलांना शाळेत पोचवायला कोणी नसेल तर तू जा.

तुझी,
फिलोमिना