नकाशा बदलतो तेव्हा

विक्रोळी नावाच्या विधानसभा मतदारसंघाने २००९ मध्ये पहिल्यांदा आमदार निवडला. कन्नमवारनगर, टागोरनगर होते तिथेच होते. सरकल्या त्या रेषा. २००१ च्या जनगणनेनुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने त्या नव्याने आखल्या. राज्याच्या जागा २८८ च राहिल्या, पण मुंबई शहराच्या १७ वरून १० झाल्या आणि उपनगराच्या १७ वरून २६. माणसं इकडे सरकली, त्यांच्यामागून जागा आल्या. हे रास्तच.

मन अडतं ते कुर्ल्यापाशी. मोठी मुस्लिम वस्ती असलेला हा मतदारसंघ याच फेररचनेत अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. तिथून दोनदा निवडून आलेले नसीम खान २००९ मध्ये चांदिवलीतून लढले आणि जिंकले. एका नेत्याची सोय झाली. पण मोहल्ल्याचं काय?

राखीव जागांना माझा विरोध नाही. तो दलित बांधवांचा घटनादत्त हक्क आहे. अडचण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाची आहे. त्यात पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, मुसलमान आले नाहीत. म्हणून पिढ्यान्पिढ्या सफाईकाम करणारा मुसलमान कुर्ल्यात मत देऊ शकतो, उमेदवारी अर्ज भरू शकत नाही. अशा मतदारसंघांकडे सच्चर समितीने २००६ मध्येच लक्ष वेधलं होतं.

फेररचनेचा मसुदा जाहीर होतो, हरकती मागवतात, सुनावणी होते. निकालाच्या दिवशी गुलाल कोणाचा हे पाहायला सगळेच जमतात. पुढच्या वेळी मसुद्याच्या दिवशीही जमूया, आणि अर्ज लिहिताना दलित शेजाऱ्यालाही सोबत बसवूया.