रात्रीची फेरी

एरवी ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटणारे आम्ही आठ जण २०१८ च्या ऑगस्टमध्ये चक्क वेस्ट व्हर्जिनियातल्या बिग बेअर लेकच्या जंगलात धावायला गेलो. शर्यतीचं नाव रॅग्नर. मूळची ती यूटाहमधली, २००४ सालची आणि रस्त्यावरची; जंगलातला प्रकार नंतरचा. संघात आठ जण. प्रत्येकाने हिरवी, पिवळी आणि लाल अशा तीन फेऱ्या मारायच्या. एक परत आला की दुसरा सुटणार, दिवस असो वा रात्र! आयसेलिनच्या मेरिल पार्कात सपाटीवर सराव केलेले आम्ही. लाल फेरीच्या चढाने चांगलाच घाम काढला.

कॉलेजात असताना राजगड आम्हीही रात्री चढलो होतो. पण तिथे मागे-पुढे कोणीतरी गात, ओरडत असायचं. इथे संघ आठांचा खरा, पण जंगलात कपाळावरच्या दिव्याचा तेवढा उजेड आणि आपण एकटे.

रात्री दोनला वहिनी पिवळ्या फेरीवर गेल्या. वय वर्षं ५४. तास झाला, दीड झाला. धावणारा जवळ आला की तंबूतल्या पडद्यावर संघाचं नाव झळकतं. आमचं काही येईना. त्यांचे यजमान थर्मासमधला चहा पुनःपुन्हा सगळ्यांना ओतत होते, स्वतः मात्र घेत नव्हते. आम्हीही उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

अखेर नाव आलं. वहिनी आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल.

"माझ्याकडे काय बघताय? पुढचा कोण आहे? पळा की!" म्हणत त्यांनी कमरेचा नंबरपट्टा सोडला.