रामशास्त्र्यांची तबकडी

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली वध झाला, तेव्हा या अपराधास देहान्त प्रायश्चित्तच आहे असे राघोबादादांना त्यांच्या तोंडावर सांगून शास्त्रीबोवा पद सोडून निघून गेले, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे.

२००३ साली साताऱ्याच्या धर्मग्रामात असताना आम्ही युवकयुवतींची सहल माहुलीस नेली होती. घाट पाहून झाला, डबे उघडले. पण रामशास्त्री कोण, हे त्या मुलांपैकी एकालाही सांगता येईना. प्रभात कंपनीचा १९४४ सालचा 'रामशास्त्री' हा चित्रपट यांना दाखवावा, असे आमच्या मनाने घेतले.

गावातील दोन-तीन दुकानांत आम्ही विचारणा केली. मिळाला नाही. शेवटी एस. टी. स्टँडनजीकच्या एका हातगाडीवाल्याने, ''आठ दिवसांनी या, आणून ठेवतो,'' असे सांगितले आणि शब्द पाळला. वेष्टनावर चित्र नाही, छाप नाही. तबकडीवर पेनाने लिहिलेले नाव तेवढे. चाळीस रुपये दिले. सभागृहात पडदा लावला. चित्र मधूनच थरथरे, आवाज घोगरा येई. पण न्यायाच्या प्रसंगी मुले नि:शब्द बसून होती. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो.

मनाने टोचले नाही असे नाही. परंतु गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकलेल्या माणसाजवळ समर्थनांचा तुटवडा नसतो. अत्यंत निकडीच्या वेळी दुसऱ्याची वस्तू घेणे ही चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. शिवाय त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या होत्या. त्यांत प्रभातच्याही होत्या. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतील मूठभरच आज शिल्लक आहेत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी दारोदार फिरून जुन्या फिती गोळा केल्या, म्हणून तेवढे तरी उरले. जर्मनीत 'नोस्फेरातू' हा १९२२ सालचा मूकपट मूळ कादंबरीकाराच्या पत्नीची परवानगी न घेता काढला होता. न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती हुकूम चुकवून राहिल्या, म्हणूनच तो आज जगाला पाहता येतो. अशा प्रतींनी कलेची सेवा केली आहे, हे नाकारता येणार नाही. आमची तबकडीही त्याच पंक्तीत आम्ही बसवून टाकली.

पुढे आमची बदली सांगलीस झाली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जेथे 'सीतास्वयंवर' उभे केले, ते हे नाटकवेडे गाव. साताऱ्याच्या त्या सहलीतला एक मुलगा नोकरीच्या शोधात सांगलीलाच आला होता. २००५ साली एका रविवारी मिस्सानंतर तो भेटला. आता स्वत:चे छोटे दुकान आहे, असे अभिमानाने सांगून त्याने आमच्या हाती एक तबकडी भेट म्हणून ठेवली. तो 'श्वास' होता. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीला मिळवून देणारा. ज्याच्या ऑस्करवारीसाठी साध्यासुध्या लोकांनी वर्गणी काढली होती. वेष्टनावर छाप नव्हती. नाव पेनाने लिहिलेले होते.

''अरे बाळ, ही चोरीची प्रत ना?'' आम्ही विचारले.

तो हसला नाही, रागावलाही नाही. ''फादर, रामशास्त्रीचीही तसलीच होती. तुम्हीच दाखवलीत.''

उत्तर देता आले असते. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. १९४४ च्या 'रामशास्त्री'वरील हक्क २००४ च्या अखेरीस संपला होता. पण आम्ही तबकडी घेतली ती २००३ मध्ये. शिवाय मुलाने कायद्याचे कलम विचारले नव्हते. दोन-तीन दुकाने फिरून 'मिळत नाही' असे आम्ही ठरविले होते. पुण्याला एक पत्रसुद्धा टाकले नव्हते. आमच्या निकडीचे खरे नाव आळस होते. आणि ते चाळीस रुपये कोणत्याही संग्रहालयाला नव्हे, हातगाडीला मिळाले होते.

''माझे चुकले,'' असे आम्ही त्यास सांगितले. पुढच्या रविवारी युवकांच्या सभेतही सर्वांसमोर सांगितले. काही महिन्यांनी त्याने दुकानातल्या तसल्या तबकड्या काढून टाकल्या आणि लग्नाच्या चित्रीकरणाचे काम धरले. आमच्या शब्दामुळे की धंद्याच्या गणितामुळे, ते आम्ही विचारले नाही.

आजही पालक आम्हांस विचारतात, कारण आता मोबाईलवर काय हवे ते फुकट उतरविता येते. आम्ही त्यांस तीन गोष्टी तपासावयास सांगतो. वस्तूचा धनी हयात असून ती रीतसर विकत आहे काय? असल्यास प्रश्नच मिटला. सातवी आज्ञा स्पष्ट आहे. ती दुर्मीळ आहे की आपण शोधलीच नाही? आणि आपला पैसा कोणाच्या हाती जातो, जपणाऱ्याच्या की लुटणाऱ्याच्या? खरोखर नष्ट होऊ घातलेली कलाकृती कोणी प्रत करून जपली, तर त्याला चोर म्हणावयास आमची जीभ रेटणार नाही. मात्र असे प्रसंग आपण समजतो त्याहून फार थोडे असतात.

जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करीन म्हटले. धनी सापडत नसेल तर ती रक्कम गरिबांस द्यावी, असे आम्हांस शिकविले होते. म्हणून सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या पेटीत आम्ही एकशे साठ रुपये टाकले. पण धनी सापडत नव्हता, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आम्ही त्याला शोधलेच नव्हते. ती तबकडी अजून आमच्या कपाटात आहे. आता ती चालत नाही. टाकून देण्याचे मात्र आम्ही मुद्दाम टाळले आहे.