दाभोळीवरचा गडगडाट

आमच्या सर्वणात स्फोटाच्या आवाजाचे कुणाला फारसे अप्रूप नाही. डिचोली तालुका म्हणजे खाणींचा मुलूख. सुरुंग उडाला की फडताळातली भांडी किणकिणायची, आणि आजी हातातले काम न थांबवता चालू ठेवायची. १८ डिसेंबर १९६१ च्या सोमवारी सकाळी नैर्ऋत्येकडून गडगडाट आला तेव्हाही तिला आधी खाणच आठवली. आजोबा मात्र अंगणात उभे राहून ऐकत होते. सुरुंग असे एकावर एक उडत नाहीत, एवढेच ते म्हणाले.

तो आवाज दाभोळीचा होता. पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांचा. ३५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची १२ विमाने विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली आली आणि काही मिनिटांत त्यांनी ६३ हजार पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब धावपट्टीवर टाकले. मागून विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्यासह १६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची ८ विमाने आली. बेळगावकरांच्या परिचयाच्या सांब्र्याहून उडालेल्या ६ हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. या साऱ्या हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या हाती होती. पुढे १९६३ साली पूंछजवळच्या हेलिकॉप्टर अपघातात ते गेले.

स्क्वॉड्रनचा इतिहास सांगताना पराक्रमाची भाषा सहज तोंडी येते. पण खरे तर गोव्यात पोर्तुगिजांकडे एकही लढाऊ विमान नव्हते. रिकाम्या आभाळातून बॉम्ब टाकण्यात शौर्य किती, हा प्रश्न कुणी विचारला तर मला त्याचा राग येत नाही. मला मोल वाटते ते त्यांनी जे मोडले नाही त्याचे. धावपट्टी निकामी करा, इमारतींना धक्का लावू नका, असा हुकूम होता, आणि वैमानिकांनी तो पाळला. तळावर दोन प्रवासी विमाने उभी होती, तीही वाचली. रात्री पाखल्यांनी खड्डे घाईघाईने बुजवले आणि उरलेल्या जेमतेम ७०० मीटर पट्टीवरून ती दोन्ही विमाने अंधारात कराचीकडे निसटली! वैमानिकांची हिंमत म्हणावी लागेल, मग ते कुणाच्या बाजूचे का असेनात.

कॅनबेरांची खरी परीक्षा पुढे, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत झाली. तिथे समोर तोफा होत्या, लढाऊ विमाने होती, आणि गेलेले सगळे परतले नाहीत. २००७ साली कॅनबेरा हवाई दलातून निवृत्त झाली. दाभोळीचा तळ १९६२ सालीच नौदलाकडे गेला होता. आज त्याच जागी उतरणाऱ्या पर्यटकाला खाली कधी खड्डे होते याची कल्पनाही नसते.

आमच्या घरी त्या दिवसाची गोष्ट निघाली की ती विमानांवर फार रेंगाळत नसे. माघार घेताना पाखल्यांनी डिचोलीचा पूल उडवला, आता पलीकडे जायचे कसे, यावरच सगळ्यांचे बोलणे चाले. मेनन हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारले गेले ते मी त्यांच्याविषयी वाचल्यावर, आणि तोवर आजोबा राहिले नव्हते.